गंगाधरकाकांचं फ्रेंच

भोरच्या कचेरीत गंगाधरकाका नकलनवीस होते. दिवसभर दुसऱ्यांचे कागद उतरवून काढायचे. फ्रेंच ते आपले आपणच शिकले होते, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या एका व्याकरणावरून. फ्रेंच बोलणारं माणूस त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मॅट्रिकला मी संस्कृतऐवजी फ्रेंच घेतलं. शाळेत शिकवायला कोणी नव्हतं; निव्वळ काकांच्या भरवशावर घेतलं. रोज संध्याकाळी शंका घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे.

“काका, यांची भिंत पुल्लिंगी आणि दार स्त्रीलिंगी. असं का?”

“आपल्याकडे भिंत ती आणि खांब तो, हे तुला कोणी समजावलं होतं? शब्दाबरोबर लिंगही पाठ करायचं.”

भूतकाळाशी आले तेव्हा मी रडकुंडीला आले. काही क्रियापदांची तऱ्हा एक, काहींची दुसरी.

“‘ती गेली’ आणि ‘तिने आंबा खाल्ला’,” काका म्हणाले. “गेली तिच्याप्रमाणे, खाल्ला आंब्याप्रमाणे. मराठीत तू हे रोज बोलतेस नलू. तिथंही जाणं-येणं करणाऱ्यांचा कारभार वेगळा आहे, एवढंच.”

त्या पुस्तकाची पहिली सोळा पानं गहाळ होती, उच्चारांचा भाग त्यांतच असणार. उच्चाराचं विचारलं की काका म्हणायचे, “लिहिलंय तसं वाचायचं.”

छत्तीस साली लेखी परीक्षेत मला शंभरात एक्क्याऐंशी मिळाले. काकांनी आळीत पेढे वाटले. जूनमध्ये मी पुण्याला कॉलेजात गेले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी उतारा वाचायला उभं केलं. ‘पार्लेझ’, ‘पार्लेन्ट’, मी एकेक अक्षर खणखणीत म्हटलं. मागच्या बाकांवर हसू फुटलं. “पार्ले. पार्ल,” बाईंनी शांतपणे दुरुस्त केलं. दिवाळीपर्यंत वर्गात माझं नाव ‘पार्लेझ’ पडलं होतं.

सुट्टीत घरी आले ती तडक काकांकडे गेले.

“तुम्ही मला चुकीचं शिकवलंत,” म्हणाले, आणि झालेलं सगळं ऐकवलं.

काकांनी पुस्तक उघडून एका शब्दाच्या शेवटावर बोट ठेवलं.

“म्हणजे शेवटचं अक्षर म्हणायचंच नाही?”

“कधी म्हणायचं, कधी नाही.”

“कधी म्हणायचं गं?”

मला थोडंफार ठाऊक होतं. पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला तर पुष्कळदा म्हणायचं, एवढं तरी सांगता आलं असतं. “तुमचं तुम्ही शोधा,” म्हणून मी उठले.

पौषात त्यांचं पोस्टकार्ड आलं, बारीक अक्षरात सात शंका. आज लिहू, उद्या लिहू करत मी उत्तर लांबवलं. फाल्गुनात काका विषमज्वरानं गेले.

मी भोरला पोचले तेव्हा दिवस होऊन गेले होते. सौदामिनीकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“दिवाळीपासून त्यांनी मोठ्यानं वाचणंच सोडलं होतं,” त्या म्हणाल्या. “उत्रोलीच्या आनंदरावांची मुलगी शिकायला येते ना, तिलाही सगळं कागदावर लिहून द्यायचे. घसा दुखत होता का गं त्यांचा? तुला काही बोलले होते?”

“नाही,” मी म्हणाले. “दुखत असेल.”

त्या जूनमध्ये मी फ्रेंच सोडलं. आनंदरावांच्या मुलीला पुढं शिकवायला कोणी मिळालं नाही.