गाण्यात मेलेला बाप

क्रिसोफोरो बोहोर्केस एकसष्टाव्या वर्षी मेला, तेव्हा तो आपल्या दुकानात ट्रकच्या ट्यूबला ठिगळ लावत होता. मारलं त्याला सख्ख्या मुलाने, आणि तेही साडेतीन मिनिटांत.

झालं असं, की एकोणीस वर्षांच्या उबाल्दोला कोरिदो रचायचा नाद. कोरिदो म्हणजे आमच्या सोनोरा प्रांताचा पोवाडाच. माणसाचं नाव, गाव, तारीख आणि पराक्रम, सगळं गिटारवर सांगायचं. पोराने पहिला कोरिदो बापावर केला. माझे अप्पा पंक्चर काढतात, कुणाला फसवत नाहीत, रविवारी दाढी करतात. मोबाइलसमोर बसून गायला आणि इंटरनेटवर टाकला. आठवड्याभरात तो एक्केचाळीस वेळा पाहिला गेला, त्यात तीस वेळा आईनेच.

आमच्या लोकांची एक खोड आहे. कोरिदोतला माणूस शेवटी मेला नाही, तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं. जिवंत माणसाचं कसलं कौतुक, तो उद्या बाजारात भेटणारच! उबाल्दोने हे बरोबर हेरलं. त्याने गाण्यातून दुकान काढलं, घोडा घातला आणि हमरस्त्यावर, तीन बाभळींच्या वळणावर, अप्पांना एकट्याला अकरा जणांशी लढवून उजाडता उजाडता मारून टाकलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ते हेच. नऊ दिवसांत चाळीस लाख लोकांनी डोळे पुसले.

खऱ्या क्रिसोफोरोचं त्या वळणावर आयुष्यात एकदाच काही झालं होतं. सायकलवरून पडून गुडघा फुटला होता.

"अरे, पण मला घोड्याची भीती वाटते," तो मुलाला म्हणाला.

"अप्पा, ते गाण्यात कुणाला दिसतंय?"

पंधरवड्यात वळणावर कुणीतरी लाकडी क्रूस रोवला. मग मेणबत्त्या आल्या, फुलं आली, बिअरचे डबे आले. लांबलांबून माणसं येऊन टोप्या काढून उभी राहू लागली. मागोमाग एर्मोसियो शहरातून गाण्यांच्या कंपनीचा मोंतिहो नावाचा माणूस आला. क्रिसोफोरोने त्याला स्वतः कॉफी करून दिली. ती पिऊन मोंतिहोने त्याचा हात हातात घेतला. "क्रिसोफोरोसाहेब, तुमच्या जाण्याने आम्हाला फार दुःख झालंय. आता एवढंच करा, शनिवार-रविवार बाहेर पडू नका."

गावाला खरं ठाऊक होतं, पण गावाने तोंडाला कुलूप लावलं. वळणावर टॅकोची गाडी लावणाऱ्या चायोबाईने तर त्याला घरी येऊन भाजलेलं मांस दिलं. "देव तुझं भलं करो, क्रिसो. जिवंतपणी तुझा गावाला एवढा उपयोग कधी झाला नव्हता."

आणि एदुविहेस, त्याची बायको? तिने काळे कपडे शिवून घेतले. टीव्हीवाल्यांना नवऱ्याची शेवटची सकाळ सांगताना ती इतकी रडली, की तेही रडले. क्रिसोफोरो तेव्हा आत स्वयंपाकघरात, राजमा लागू नये म्हणून हळूच ढवळत उभा होता. बायकोने आपल्याबद्दल इतकं चांगलं बोललेलं तो लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होता. त्यामुळे त्याला राग धड येईना.

त्याचं दुखणं वेगळंच होतं. उबाल्दोला गिटार त्याने शिकवली होती, दुकानातल्या टायरवर बसवून, बोटं दुखून पोर रडेपर्यंत. तोच पोरगा आता हजारो लोकांसमोर गात होता आणि बापाने त्याला एकदाही उभं राहून गाताना पाहिलं नव्हतं. गावच्या जत्रेत उबाल्दो गायला, तेव्हाही बाप खिडकी लावून घरात. एकदा, फक्त एकदा, समोर उभं राहून ऐकायचं, एवढीच त्याची भूक होती.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या सणाच्या दिवशी, उबाल्दो वळणावरच्या क्रूसापाशी गाणार होता. मोंतिहो कॅमेरे आणणार होता. सकाळी क्रिसोफोरोने दाढी केली.

"कुठं निघालास, म्हाताऱ्या?" एदुविहेसने काळी ओढणी घेता घेता विचारलं.

"पोराचं गाणं ऐकायला."

"डोकं फिरलंय का तुझं? आजच?"

"आज तर मेलेल्यांनाही येऊ देतात, म्हातारे."

तिने त्याची टोपी त्याच्या हातात दिली. वर्षानुवर्षं तीच या दिवशी मेलेल्यांसाठी पाव भाजत आली होती.

तो टोपी खाली ओढून गर्दीत शिरला. त्याला कुणी ओळखलं नाही, कारण क्रूसावर लावलेल्या चित्रातला क्रिसोफोरो खऱ्यापेक्षा दोन हात उंच होता आणि त्याला झुबकेदार मिशा होत्या. शेजारचा एक जण सांगत होता, "सिंह होता सिंह! आता अशी माणसं जन्मालाच येत नाहीत." क्रिसोफोरोने मान डोलावली.

मग उबाल्दो गायला. आवाज सुरेख लागला होता. बापाने शिकवलेली बोटं तारांवरून अशी फिरत होती, की क्रिसोफोरोला आपण मेलो आहोत याचंही काही वाटेना. त्याला अभिमान वाटत होता, उघडाउघड, डोळ्यांतून वाहणारा. शेवटच्या कडव्याला त्याची टोपी कधी हातात आली आणि तो गर्दीतून कधी पुढे आला, त्याचं त्याला कळलं नाही. गाणं संपलं तेव्हा तो मुलापासून दोन पावलांवर उभा होता.

उबाल्दोचे हात थांबले. गर्दी पाहत होती, कॅमेरा वळला होता. मोंतिहो कॅमेऱ्यामागून उबाल्दोकडे टक लावून होता.

"काका," उबाल्दो म्हणाला, "तुम्ही माझ्या अप्पांना ओळखत होता का?"

क्रिसोफोरोने त्याच्याकडे पाहिलं. इतकं वाईट त्याला वळणावरच्या त्या मरणाचंही वाटलं नव्हतं.

"नाही रे बाळा," तो म्हणाला. "ओळख नव्हती. पण त्यांचा मुलगा फार छान गातो."

टोपी घालून तो गर्दीतून बाहेर पडला. लोकांनी वाट दिली.

तो व्हिडिओ सहा कोटी लोकांनी पाहिला. त्याखाली सगळ्यांत जास्त लोकांना पटलेला अभिप्राय असा होता, की गाणं काळजाला भिडतं, फक्त शेवटी मध्येच घुसलेला तो म्हातारा तेवढा काढायला हवा. दुसऱ्या दिवशी मोंतिहोने तो काढला. उबाल्दोला विचारून.