हात वर

"ताई, कंपनीनं हात वर केले," मामा दारातूनच म्हणाला तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, मग विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे द्यायला पैसे नाहीत म्हणतात. आपलं होतं ते सोडायचं."

ही कंपनी म्हणजे देवळाली प्रवराजवळची शेंगदाण्याच्या तेलाची गिरणी. माझे वडील तिथं फिटर होते. ते गेल्यावर जे हातात आलं, ते मामानं तिथंच ठेव म्हणून ठेवलं होतं. त्याच्या व्याजावर आम्ही मायलेकी जेवत होतो, आणि जूनमध्ये मला नगरला पुढं शिकायला पाठवायचं, तेही त्यातूनच. मग दुसरं महायुद्ध संपलं, लष्कराचं गिऱ्हाईक तुटलं, गिरणी बसली.

घेणेकऱ्यांची सभा गिरणीच्याच आवारात भरली, गोणपाटं अंथरून. बायकांत आई एकटी, आणि तिला चिकटून मी. ठरवायचं एवढंच होतं, की गिरणीला मुदत देऊन हप्त्यानं पैसे घ्यायचे, की ती विकून येईल ते वाटून घ्यायचं.

"बसलेल्या गिरणीला कसली मुदत?" मामा म्हणाला. "विकून मोकळं व्हायचं."

वडलांच्या जोडीनं काम केलेले मिस्त्रीचाचा मागं उभे होते. ते वाकून म्हणाले, "वहिनी, चाकं फिरली तर तुमचंबी फिटंल. इकली तर लोखंडाचा भाव येतो, गिरणीचा न्हाई. अन् यंत्रं ब्यांकेकडं गहाण हायेत. पैली ती जेवनार."

"आणि आम्ही?"

"शेवटच्या पंगतीला," पुढं बसलेला पेंडेचा व्यापारी मान न वळवता बोलला. "तिथं आमटीचं पाणी असतंय."

दोघंतिघं हसले. आई चाचांना म्हणाली, "चालू राहू दे मग."

तेवढ्यात अध्यक्ष उठले. "मुदत द्यायची असेल त्यांनी हात वर करावेत."

चाचांनी आईकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. इतरांचेही थोडेच वर झाले. गिरणी विकायचं ठरलं.

परतताना चाचांनी विचारलं, "वहिनी, हात का न्हाई वर केला?"

"हात वर करायचे म्हणजे आपलं सोडायचं ना?" आई म्हणाली. "मी म्हटलं, मी नाही सोडत."

चाचा सायकल हातात धरून आमच्यासोबत वेशीपर्यंत चालले. मामा एवढंच म्हणाला, की तुझ्या एका हातानं काही अडलं नसतं. असेलही.

यंत्रं सुटी करून मालमोटारीतून गेली. बँकेचं फिटलं, मग कामगारांचे थकलेले पगार थोडेबहुत दिले, मग आमची पाळी आली. जे आलं त्यात वाण्याची उधारी भागली आणि मला एक परकर झाला.

नगरची शाळा राहिली. आई दुसऱ्या एका गिरणीत शेंगा निवडायला जाऊ लागली, तिच्यामागं मी, तो परकर घालून. तेव्हा वाईट वाटलं का गं आजी, असं नातवंडं विचारतात. मला आठवतं ते इतकंच, की टरफलांनी बोटं खरखरीत व्हायची.