वाटलं ते लिहायचं नाही

अर्नेस्टीन टॉलिव्हरला मी भर चर्चमध्ये, सगळ्या बायकांदेखत, "गोऱ्यांचं पायपुसणं" म्हणाले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे या गोष्टीत मी शहाणी होते असा कुणाचा गैरसमज नको.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या उत्तर भागात, माझ्या घरापासून तीन दारं सोडून, ती वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना वाफेची इस्त्री करून करून तिच्या हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. नवरा, ओटिस, चामड्याच्या कारखान्यात होता. त्याला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. बाई मोजकं बोलायची. रविवारी मक्याचा पाव भाजला की अर्धा मला आणून द्यायची, दार वाजवायची, आणि मी उघडेपर्यंत निघून गेलेली असायची. मी शहराची बस चालवते, माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो. आमचं दोघींचं जमण्यासारखं काही नव्हतंच.

आता माझं. सोळा वर्षं मी म्हाताऱ्या कोवालचिकच्या घरात भाडेकरू होते. एका सप्टेंबरात तो म्हणाला, "लव्होनिया, मी मुलीकडे राहायला चाललो. घर तुलाच देतो. पण ईस्टरपर्यंत कर्ज आण. नाही आणलंस तर माझा भाचा टपून बसलाय, तो हे पाडून गाड्या लावायला जागा करणार." माझ्या आईनं ज्या खोलीत शेवटचा श्वास घेतला तिथं कुणीतरी गाडी लावणार! मी दुसऱ्याच दिवशी नदीकाठच्या बँकेत गेले. दारावर भलंमोठं पितळी घड्याळ आहे ना, ती.

तिथं हॅल्वरसन नावाचा अधिकारी. इतका गोड, की मधुमेह व्हावा. दर खेपेला त्याला एक नवा कागद हवा. पगाराच्या चिठ्ठ्या झाल्या, गॅसची बिलं झाली, डेपोतल्या साहेबाचं पत्र झालं. मग म्हणे, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणा.

"अहो, माझं लग्नच झालेलं नाही," मी म्हटलं, "आता दाखल्यासाठी कुणाला मारू?"

त्यावर म्हणे, मग लग्न झालं नसल्याचा दाखला आणा. तोही आणला. तेव्हा उसासा टाकून म्हणाला, "काय आहे बाई, तुमच्या वस्तीतल्या घरांना किंमत राहत नाही." वस्तीला काय धाड भरलीय? एकच, की तिथं आम्ही काळी माणसं राहतो. माझ्याच डेपोतल्या एका नव्या गोऱ्या ड्रायव्हरला, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेल्या, त्याच बँकेनं नऊ दिवसांत कर्ज दिलं होतं. तो बिचारा मनापासून विचारतो, "लव्होनिया, तुझं काय चुकलं गं?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

चांभाराच्या दुकानावर घरहक्कवाल्यांचं ऑफिस आहे, काळ्यांना कुणी घर किंवा कर्ज नाकारलं की ते लढतात. तिथं तक्रार नोंदवली. ते म्हणाले, आम्ही बघतो, तुम्ही शांत राहा. शांत राहायला मी काय पुतळा आहे? ऑक्टोबरात सातवी खेप घातली. या वेळी तपकिरी पाकिटात सोळा वर्षांच्या भाड्याच्या पावत्या, एकही महिना न चुकलेला.

आत जाते तर हॅल्वरसनसमोर कोण बसलंय? अर्नेस्टीन! डोक्यावर चर्चची जांभळी टोपी, हातात पर्स, आणि गोड आवाजात म्हणतेय, "आमचे हे रेल्वेत आहेत. घर बघितलंय, कर्जाची चौकशी करायला आले."

आमचे हे? ओटिसच्या कबरीवर मी स्वतः फुलं ठेवलीत!

"अगं अर्नेस्टीन!" मी ओरडलेच.

तिनं वळून पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. "माफ करा बाई, तुमची गल्लत होतेय. मी तुम्हाला ओळखत नाही."

हॅल्वरसन हसला. "चालायचंच. तुम्हा लोकांच्या बाबतीत माझीही नेहमी गल्लत होते."

आणि ती हसली हो! त्या माणसाच्या त्या वाक्यावर अर्नेस्टीन टॉलिव्हर टोपी सावरत हसली, आणि वर "बरोबर आहे, साहेब" म्हणाली. मला म्हणाला पाकीट ठेवून जा, पुढच्या आठवड्यात या. मी पाकीट आपटलं आणि बाहेर पडले. त्या दिवशी बस कशी चालवली माझं मला माहीत.

रविवारी चर्चमध्ये मी तोंडाचा पट्टा सोडला. खोटारडी म्हणाले, मेलेला नवरा जिवंत करणारी म्हणाले, आणि ते पायपुसणंही म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं. "झालं बोलून?" एवढंच विचारलं आणि घरी गेली. त्या संध्याकाळीही माझ्या दारात मक्याचा पाव होता. मी तो चिमण्यांना घातला. पुढचे पाच महिने मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही.

मार्चमध्ये, ईस्टरला तीन आठवडे उरले असताना, कोर्टात माझ्या तक्रारीची तातडीची सुनावणी लागली. घरहक्कवाल्यांनी दिलेल्या आमच्या वकीलबाईंनी साक्षीदार पुकारला आणि दारातून जांभळी टोपी आत आली.

तेव्हा कळलं. घरहक्कवाले बँकेत दोन बायका धाडतात, एक काळी, एक गोरी. कागदावर दोघी सारख्या, उलट काळीचा पगार चार पैसे जास्तच. नावं खोटी, नवरे खोटे. दोघींनी कर्ज मागायचं, बाहेर येऊन जे घडलं ते लिहायचं, आणि कुणाजवळ ब्र काढायचा नाही. अर्नेस्टीन हे नऊ वर्षं करत होती. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या बसभाड्यानं. माझ्याच बसमधून सुद्धा गेली असेल!

तिनं चष्मा लावला आणि वाचलं, किराणा मालाची यादी वाचावी तसं.

"दहा वाजून पाच मिनिटांनी आत गेले. दहा अडतीसला बोलावलं. माझ्यामागून आलेल्या तिघांना आधी बोलावलं. अर्ज मागितला, संपलेत म्हणाले. दहा बावन्नला एक बाई पाकीट घेऊन आली. ती माझी शेजारीण लव्होनिया बीझली. मी ओळख दाखवली नाही. ती गेल्यावर अधिकारी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाले, 'पुढच्या वेळी हिला काय आणायला सांगू? माझे कागद संपले, ही काही संपत नाही.' दोघे हसले. पाकीट न उघडता कचऱ्याच्या टोपलीत टाकलं."

त्याच दुपारी गोऱ्या बाईला कॉफी मिळाली होती, खुर्ची मिळाली होती, आणि संपलेला अर्जही मिळाला होता.

माझ्या सोळा वर्षांच्या पावत्या कचऱ्यात! मी उठायला लागले, तर वकीलबाईंनी माझा हात दाबून मला खाली बसवलं.

बँकेचा वकील पुढे आला. "शेजारीण म्हणता. म्हणजे मैत्रीणच. मैत्रिणीसाठी माणूस काय वाट्टेल ते ऐकलं म्हणून सांगतं."

"मैत्रीण?" अर्नेस्टीन म्हणाली. "पाच महिने ती माझ्याशी बोललेली नाही. भर चर्चमध्ये मला गोऱ्यांचं पायपुसणं म्हणाली. विचारा हवं तर."

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "म्हणाले, साहेब," मी म्हटलं.

वकील हटेना. "पाकीट टोपलीत पडलं तेव्हा तुम्हाला राग आला असणार. रागावलेल्या माणसाची आठवण—"

"मला काय वाटलं ते या कागदात कुठंही नाही, साहेब. आमच्या या कामात वाटलं ते लिहायचं नसतं. आणि वेळा तुमच्याच बँकेच्या घड्याळावरून घेतल्यात."

चौथ्या दिवशी बँक नमली. निकालाची वाटही न बघता कर्ज मंजूर, गोऱ्यांना देतात त्याच व्याजानं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, झालेल्या "गैरसमजाबद्दल" खेद वाटतो. गैरसमज म्हणे! सात खेपा घालायला लावल्या आणि गैरसमज! हॅल्वरसनला दुसऱ्या शाखेत हलवलं, पगारासकट. अर्नेस्टीनचा फोटो मात्र पेपरात आला. आता तिचा चेहरा साऱ्या बँकांना माहीत झाला, म्हणजे तिचं ते काम संपलं. तेवीस बँकांमध्ये तिनं घरासाठी कर्ज मागितलं होतं, आणि एकदाही स्वतःसाठी नाही.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी भर दुपारी मी तिला घरी घेऊन आले. माफी कशी मागावी ते रस्ताभर जुळवत होते. तिनं दार ओलांडलं, भिंतींवरून नजर फिरवली.

"सगळ्या सह्या झाल्या?"

"झाल्या."

"केस मिटली? आता मी काही बोलले तर कुणाचं नुकसान नाही?"

"नाही गं."

"मग खिडक्या लाव."

मी लावल्या. तिनं टोपी काढून टेबलावर ठेवली, खुर्चीत बसली, आणि सुरुवात ओटिसपासून केली. लग्न नवं होतं तेव्हा तो घराचं कर्ज मागायला गेला, तर बँकेतल्या माणसानं त्याला दाराबाहेर उभं केलं, अंगाला चामड्याचा वास येतो म्हणून. थंडीत तासभर. ओटिसनं पुन्हा कधी बँकेची पायरी चढली नाही, आणि भाड्याच्या खोलीत मेला. तेव्हा तिला काय वाटलं ते तिनं सांगितलं. मग पहिली बँक, दुसरी, तिसरी. माणसाचं नाव, टेबल, तो काय म्हणाला, आणि तिला काय वाटलं. मूठ टेबलावर आपटत होती, आवाज चढत होता. मी बस चालवते, मला वाटायचं सगळ्या शिव्या आपल्याला येतात. त्या दुपारी माझी शाळा झाली.

तेविसावी बँक संपली. तिनं डोळे पुसले, आणि माझ्यावर बोट रोखलं.

"आणि तू. तू मला पायपुसणं म्हणालीस. तेव्हा काय वाटलं सांगू?"

"सांग," मी म्हटलं.

तिनं सांगितलं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.