भडगावची सावड

शेवटी पुण्याहून निघालो, तेव्हा फलाटावर बायको म्हणाली, "उन्हाळा संपेपर्यंत माल घरात दिसला नाही, तर मुकाट्याने पुन्हा ऑफिसात जायचं." विमा कंपनीतल्या आमच्या साहेबांनी माझी जागा अजून भरली नव्हती. माझ्यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास असावा. मी मात्र ठरवलं होतं, आता दुसऱ्याच्या घड्याळावर जगायचं नाही. बायकोच्या माहेरी, भडगावला, उन्हाळ्यात बिबड्या (ज्वारीच्या आंबवलेल्या, शिजवलेल्या पिठाचे पापड) घालतात. त्या पुण्यात विकायच्या, असा माझा बेत. पाकिटावरचं नाव, चित्र, सगळं तयार होतं. फक्त बिबड्या नव्हत्या.

चाळीसगावला गाडीतून उतरलो आणि एसटीत बसलो. खिडकीची सळई हाताला चटका देत होती. शेजारच्या पागोटेवाल्या आबांनी विचारलं, "कथा जाई राहिनात?" (कुठं चाललात?)

"भडगावला. उद्योग सुरू करायचाय."

आबांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे. "आते?" (आत्ता?) एवढंच म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. भडगाव येईपर्यंत मी त्यांना माझी योजना समजावत होतो. गिरणेच्या पुलावरून खाली वाळूच वाळू दिसली आणि माझाही घसा कोरडा पडला.

अक्का म्हणजे माझी मावससासू. तिने आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला. कळणं म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, ते पुसत मी मजुरीचा विषय काढला. अक्का म्हणाली, "तुम्ही बसा जवाई. गल्लीतल्या बाया येतील."

आणि सकाळी खरंच गल्ली लोटली. चुलीवर मोठ्या पातेल्यात पीठ रटरटत होतं. लसूण, तीळ, मिरचीचा वास घरभर. गच्चीवर ओली धोतरं अंथरून बाया गरम गोळे भराभर थापत होत्या. ऊन चढायच्या आत गच्ची भरली. मी खिशातून मजुरीच्या पैशांची पाकिटं काढली.

"कसाना पैसा?" (कसले पैसे?) एक बाई कडाडली. सगळ्यांनी हात मागे घेतले. अक्काचा चेहरा असा पडला, जणू मी तिच्या घरी चोरी केलीय. मग कळलं, ही सावड. आज या घरी सगळ्या राबतात, उद्या त्या घरी. पैशांचं नाव काढणं म्हणजे पाहुण्याला जेवू घालून बिल देण्यासारखं.

"आते तुमनी बाईले आमना घर धाडा," (आता तुमच्या बायकोला आमच्या घरी पाठवा) कडाडलेली बाई म्हणाली. मी म्हटलं, धाडतो.

त्याच दुपारी मला पाकिटासाठी छान फोटो काढावासा वाटला. धोतरांच्या कोपऱ्यांवर ठेवलेले दगड फोटोत फार गावठी दिसत होते. मी ते उचलून बाजूला ठेवले आणि फोन सरळ धरला, तोच वावटळ आली. धोतरं बिबड्यांसकट उडाली. एक लिंबाच्या झाडावर अडकलं, बाकीची शेजारच्या गोठ्यात पडली. म्हशीने आधी हुंगलं, मग अगदी चवीने खाल्लं. माझा पहिला ग्राहक.

बायकोला फोन केला. "मला रजा नाही," ती म्हणाली. "स्वतःच्या हातांनी आयुष्य घडवणार होतास ना? मग जा, थाप. आणि हे लक्षात ठेव, कुणी गेलं नाही तर अक्काच्या दारात पुन्हा बाया येणार नाहीत."

गेलो. भडगावात जावई बिबड्या थापतोय, हे बघायला पुरुषमंडळी चहाचे कप घेऊन आली. गोळा इतका गरम की माझी बोटं नाचायला लागली. माझी पहिली बिबडी जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. बायांनी ती वेगळी ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. पण घरागणिक हात बसला. रोज तळवे लाल, पाठ मोडलेली, आणि कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप. मला हे आवडत होतं. पण माझी पिशवी रिकामीच होती.

शेवटचं घर वच्छलाबाईंचं. अक्काकडे सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत शेवटी गेलेली ही म्हातारी. मी बाह्या सरसावून दारात उभा, तर चूल थंड. "बसा, च्या प्या," त्या म्हणाल्या.

"पण तुमच्या बिबड्या?"

"कोनले खावाडू? पोरे सुरतले शेत." (कुणाला खाऊ घालू? पोरं सुरतेला आहेत.)

माझ्यामागून आलेल्या अक्काने सांगितलं, वच्छलाबाई कैक वर्षं गल्लीत प्रत्येकीकडे थापायला जातात. त्यांच्याकडे मात्र कुणाला जावंच लागत नाही. मग डोक्यात उजेड पडला. "वच्छलाबाई, तुम्ही घाला. सगळ्या मी विकत घेतो."

वच्छलाबाईंनी उठून पातेलं घासायला घेतलं.

दोन दिवसांनी सकाळी सगळी गल्ली त्यांच्या दारात. इतक्या वर्षांची सावड फेडायला कडाडणारी बाईसुद्धा आली. वच्छलाबाई खाटेवर बसून हुकूम सोडत होत्या, "जाड नका थापा वं!" गच्ची पुरेना, म्हणून शेजारच्या दोन गच्च्या घेतल्या. कोपऱ्यांवरच्या दगडांपाशी मला कुणी फिरकू दिलं नाही.

माल वाळल्यावर मी चाचरत पैसे पुढे केले. वच्छलाबाईंनी ते बिनदिक्कत पदराला बांधले. "इकाले घाल्यात नं? मंग लेसूच." (विकायला घातल्यात ना? मग घेणारच.) निघताना माझ्या लाल तळव्यांवर तेलाचं बोट फिरवत म्हणाल्या, "परत घालसूत. तुमनी बी सावड शे, ध्यानमा ठेवा." (परत घालू. तुमचीही सावड आहे, लक्षात ठेवा.) त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, आणि या वेळी पानात ठेचा नव्हता.

उद्योजक व्हायला गेलो होतो. निघण्याआधी केलेल्या उद्योजकतेच्या कोर्समध्ये शिकवलं होतं की आपण आपले मालक व्हायचं. भडगावात कळलं की मला मालकी नकोच होती, कुणीतरी आपली वाट पाहतंय असं काम हवं होतं.

पुण्याला बायकोने पोतं उघडलं, एक बिबडी कच्चीच मोडून खाल्ली आणि दुसरी घेतली. "साहेबांचा फोन येऊन गेला," ती म्हणाली. "काय सांगू?"

"सांग, जमणार नाही. मला भडगावला सावडीला जायचंय."