मांजरीचं पोट आणि सासऱ्यांचं भिंग

सासूबाई गेल्या त्याच वर्षी आमच्या घरात मांजर आली. शाळेतल्या एका बाईंची बदली मालेगावला झाली होती आणि तिथल्या घरमालकांना मांजर चालणार नव्हती. पांढरी, लांब केसांची, झुपकेदार शेपटीची. चार दिवसांसाठी म्हणून मी ती सिडकोतल्या आमच्या घरी आणली आणि ती राहिलीच.

सासरे ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी तपासणी खात्यात. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, बसत नसेल तर बाजूला काढायचा. सासूबाईंच्या मागे त्यांचं बोलणं अगदी कमी झालं होतं. मांजर पाहून एवढंच म्हणाले, "केस फार गळतात हिचे."

ते केस तिच्या पोटातच जायचे. दिवसभर अंग चाटायची आणि आठवड्यातून दोनदा तरी खाकरत ओल्या केसांचा गोळा ओकायची. शिवाय दूधपोळी खाल्ली की पोट बिघडायचं. मी शाळेत, नवरा कंपनीत. दुपारची पुसापुशी सासऱ्यांच्या वाट्याला यायची आणि ते ती मुकाट्याने करायचे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दूध बंद करायला सांगितलं. "रोज विंचरा. आणि डब्यातलं ओलं खाणं द्या. मांजरी आपणहून पाणी कमी पितात, खाण्यातून तरी पोटात जाईल."

दोन हजार चार-पाचचा सुमार. असे डबे नाशकात आमच्या माहितीच्या एकाच दुकानात मिळायचे, तेही आज आहेत तर उद्या नाहीत. मी मुंबईच्या बहिणीकडून चार प्रकारचे मागवले आणि हौसेने सगळे एकाच आठवड्यात घालून पाहिले. सकाळी मासा, संध्याकाळी कोंबडी. मांजरीने दोन दिवस चाटूनपुसून खाल्लं, तिसऱ्या दिवशी हगवण लागली, आणि मग ती कशालाच तोंड लावेना.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर सासरे फरशीवर तिच्याजवळ बसलेले. गुडघ्यांमुळे ते एरवी खाली बसत नसत.

"कालपासून काही खाल्लं नाही हिने," ते म्हणाले. "रिक्षा बोलव."

"हे आले की जाऊ ना, बाबा," मी म्हणाले.

"नको. थांबायला नको." मग माझ्याकडे न बघता, "तुझ्या सासूलाही काही पचत नव्हतं. मी म्हणायचो, होईल बरं. फार दिवस म्हणत राहिलो."

वर्षभरात पहिल्यांदाच ते त्याविषयी बोलले होते. मी रिक्षा आणायला गेले.

मांजरीला सलाइन लागलं. दोन दिवस नुसतं उकडलेलं, बिनमिठाचं चिकन द्या, पण कायमचं तेवढ्यावर ठेवू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी आल्यावर सासऱ्यांनी सगळे डबे टेबलावर मांडले आणि भिंग काढलं.

"चार गोष्टी एकदम बदलल्यास. बिघडलं कशाने, ते कसं कळणार?" मला रागावले नाहीत, कामावरच्या नव्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. मग भिंगातून डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायला लागले. "यात गहू. यात दुधाची पावडर, म्हणजे बादच. यात नुसतं 'मांस वगैरे' लिहिलंय, कसलं ते त्यांनाच ठाऊक." शेवटी कोंबडीचा एक डबा उरला. त्यात काय काय आहे ते दोन ओळींत संपत होतं.

पहिल्या दिवशी उकडलेल्या चिकनमध्ये त्यातला एकच चमचा. दुसऱ्या दिवशी दोन. वर थोडं कोमट पाणी. आठ-दहा दिवसांनी ती नुसत्या डब्यावर आली आणि पोट शांत राहिलं. संध्याकाळी मांडीवर जुना पेपर पसरून सासरे तिला विंचरायचे. केसांचे गोळे आठवड्यावरून महिन्यावर गेले. दुकानात माल आला की ते स्वतः शहर बसने जाऊन डबे आणायचे आणि दुकानदाराशी झालेलं बोलणं रात्री जेवताना आम्हाला सांगायचे.

तीन महिन्यांनी आम्ही तिला दाखवायला घेऊन गेलो. वजन वाढलं होतं. "काय घालता?" असं डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, तर सासऱ्यांनी दहा मिनिटं सगळं सविस्तर सांगितलं. बाहेर एक बाई शेळी घेऊन थांबली होती, मी तिच्याकडे बघून ओशाळले.

परतताना त्यांनी मध्येच रिक्षा थांबवली. "भूक लागलीय. भजी खाऊ."

हॉटेलात मांजरीची वेताची टोपली त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. वेटरने आत डोकावून विचारलं, "हिला काही देऊ का?"

"हिला नको," सासरे म्हणाले, "आम्हाला दोन प्लेट आण. आणि मिरच्या जरा जास्त टाक."