मस्तभाऊ आणि अभ्यासाची गोळी

पोह्यांत मीठ दुप्पट पडलं तरी पहिला घास घेऊन "मस्त!" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चंद्रपूरच्या आमच्या अभ्यासिकेत त्यांचं खरं नाव फक्त हजेरीवहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी ते मस्तभाऊ. एटापल्लीकडच्या एका खेड्यातले. बायको आणि लहान मुलगी गावी ठेवून तलाठी भरतीचा अभ्यास करत होते. वयोमर्यादेमुळे हा शेवटचा प्रयत्न.

त्यांचं कौतुक खोटं नसे. भिंतीवर पाल किड्यामागे निघाली की पुस्तक मिटून बघत बसत. "पाह्य ना, काय दमानं चालून राह्यली!" आम्ही हसायचो. अभ्यास मात्र मागे पडायचा.

माझ्या पुतण्याचं लक्ष एका जागी टिकत नसे. त्यासाठी डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या होत्या. त्यातल्या काही मी चोरून घ्यायचो, घरी हरवल्या म्हणून सांगायचो. परीक्षा दोन महिन्यांवर आली तेव्हा एक मस्तभाऊंच्या हातावर ठेवली.

"बिमार नसलेल्या मानसाले चालते का?"

"मी घेतो ना, भाऊ."

त्या दिवशी ते जेवायलाही उठले नाहीत. "डोक्यात दिवा लागला रे! पंचायत राजबी गोड लागून राह्यलं." सराव परीक्षेत गुण मात्र आले पूर्वीइतकेच. वाचन दुप्पट झालं होतं, आणि चुकीची उत्तरंही त्यांनी मोठ्या खात्रीने लिहिली होती. मला ते दिसलं. तरी ते मागत गेले आणि मी देत गेलो.

महिन्याभरानं टपरीवर मी त्यांना विचारलं, "चहा कसा आहे?"

"हाय."

एकदा मुलीचा फोन आला, पहिला दात पडला म्हणून. ते हूं हूं करत पानं उलटत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "पोरीचा दात पडला अन् मले काईच वाटलं नाई. काऊन?"

मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "या गोळीनं हुशारी वाढत नाही. समोरचं काम फार मोलाचं आहे, एवढंच मेंदूला वाटायला लागतं. मग साध्या गोष्टी फिक्या पडतात. बंद करा, चव हळूहळू परत येईल." गोळ्या कुणी दिल्या, हे मस्तभाऊंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

परीक्षेत त्यांची निवड हुकली, माझी झाली. ते गावी परत निघाले तेव्हा बसस्टँडवर मी माफी मागितली. "देल्ली तू, पन गिळली तं म्याच ना," असं म्हणून ते बसमध्ये चढले.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी गेलो. त्याआधीच्या पावसाळ्यातच हिवतापानं ते गेले होते. वहिनींनी पाणी दिलं. मला एकच विचारायचं होतं.

"घरी आल्यावर भाऊ हसायचे का?"

"हासत ना," त्या म्हणाल्या. "पोरगी काई बोलली का आधी माह्या तोंडाकडे पाह्यत. म्या हासली, का मंग हासत."