कस्तुराबाई वडील

सोनपेठच्या अलीकडे, गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका गावात ख्रिस्ती मंडळीची बावीस घरं आहेत. दर रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये उपासना भरते. पास्टर चंद्रभान परभणीहून एसटीनं येतात आणि दुपारच्या गाडीनं परत जातात. एरवीचा कारभार मंडळीनं निवडून दिलेले दोघंजण बघतात. त्यांना 'वडील' म्हणतात. हे वडील कायम पुरुषच होते. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण कुणी कधी विचारलंही नव्हतं.

कस्तुराबाई शेडमध्ये मागं, दारातल्या चपलांपाशी बसायची. नवरा सटवाजी शेरडं राखायचा, ती खुरपणीला, कापूस वेचायला जायची. पण कुणाच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलं की कस्तुराबाई तिथं हजर. अंग पुसायची, पेज पाजायची, घरच्यांना घटकाभर पडू द्यायची. पास्टरांनी एका उन्हाळ्यात सलग आठ रविवार कृपादानांवर शिकवलं: देव कुणाला शिकवण्याचं दान देतो, कुणाला कारभाराचं, कुणाला धीर देण्याचं. शेवटच्या रविवारी त्यांनी एकेकाला आपलं दान सांगायला लावलं.

"मला कशाचं आलंय दान? मी नुसती माणसापाशी बसून ऱ्हाते," कस्तुराबाई म्हणाली. सगळे हसले. तीही हसली.

त्याच वर्षी भादव्यात धुरपताबाई आजारी पडली. मेंढरं राखणाऱ्या घरातली ही म्हातारी उतारवयात मंडळीत आली होती. तिचा मुलगा हरिओम आपल्या देवाचंच करायचा, पण आईला त्यानं कधी अडवलं नाही. शेवटचे अकरा दिवस कस्तुराबाई तिच्या उशाशी होती. "मला तुमच्या रीतीनं माती द्या," एवढं म्हातारीनं कस्तुराबाई आणि हरिओम या दोघांच्या देखत सांगितलं आणि बाराव्या दिवशी पहाटे तिनं प्राण सोडला.

नेमकं पुलावर पाणी चढलेलं. पास्टरांचा फोन लागेना. मुंजाजी हे तेव्हाचे एकटेच वडील. दुसऱ्याची जागा दोन वर्षं रिकामी होती. ते हरिओमच्या अंगणात येऊन म्हणाले, "पास्टर आल्याबिगर माती देता येत न्हाई."

"पानी उतरायला दोन दिवस लागतील," कस्तुराबाई म्हणाली.

"लागू दे. रीत ती रीत."

हरिओमचे डोळे लाल झाले होते. "मावशी, तुमच्यातलं कुणीच बोलनार नसंल तर मी आमच्या रीतीनं करून टाकतो. मायला असं किती येळ ठिवू?"

कस्तुराबाईनं मुंजाजींकडं बघितलं, मग अंगणात उभ्या असलेल्या मंडळीच्या माणसांकडं. प्रत्येकजण खाली बघत होता.

"मी बोलते," ती म्हणाली.

"तू? तुला कुणी नेमलंय?"

"कुणी न्हाई. पर म्हातारीनं सांगितलं ते मी माझ्या कानानं ऐकलंय."

मंडळीतले चौघंजण खोरी घेऊन निघाले. मुंजाजी घरी गेले. कस्तुराबाई खड्ड्यापाशी उभी राहिली. आयुष्यात दहा माणसांपुढं ती कधी बोलली नव्हती. तिनं प्रभूची प्रार्थना म्हटली. मग धुरपताबाई एकेका मेंढराला आवाजावरून कशी ओळखायची, तापातसुद्धा सुनेला आधी जेवून घे म्हणायची, ते सांगितलं. हरिओमनं पहिली मूठ टाकली आणि तो तिथंच मोठ्यानं रडला. तिनं त्याला रडू दिलं.

पाणी उतरल्यावर पास्टर आले. मुंजाजींनी भर मंडळीत तक्रार मांडली. पास्टरही आधी चाचरले. "फोन लागेपर्यंत थांबायला पाहिजे होतं, कस्तुराबाई," ते म्हणाले.

कस्तुराबाई चपलांपाशी उठून उभी राहिली.

"पास्टर, दान देव देतो म्हून आठ आयतवार तुमीच शिकवलं. मग त्यानं ते बाईला द्यावं का न्हाई, हे आपुन ठरवायचं का?"

विचारून झाल्यावरही ती खाली बसली नाही. "एका वडलाची जागा रिकामी हाय. माझं नाव घ्या. पडले तर पडले, पर मतं घ्या."

"बाई वडील कशी व्हईल?" मुंजाजी म्हणाले. "उद्या बापाला माय म्हनाल!"

लोक हसले. ती मात्र हसली नाही. "नावाला काय बी म्हना. काम मला जमतंय."

शेवटी पास्टरांनी हात वर करायला सांगितले. एकतीस बाजूनं, सतरा विरोधात.

पुढच्या रविवारपासून मुंजाजी आले नाहीत. आणखी तीन घरं त्यांच्यासोबत गेली. त्यांच्या चटया कस्तुराबाई दर रविवारी तरीही अंथरून ठेवायची. एका संध्याकाळी ती चुलीपुढं रडत बसलेली बघून सटवाजी म्हणाला, "लय जड व्हायलंय तर सोडून दे की."

"जड हाय. पर सोडनार न्हाई."

हिवाळ्यात पालमला गावोगावच्या मंडळ्यांच्या वडिलांचं शिबिर होतं. ती एसटीनं एकटी गेली. दारातल्या माणसानं बोट दाखवलं, "मावशी, सैपाकघर तिकडं हाय."

"मी वडील हाय, सोनपेठकडची," ती म्हणाली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिथं तीसभर पुरुषांत ती एकटी बाई होती. दुपारी तिनं विचारलं, मरणाच्या दारातल्या माणसाशी खोटं न बोलता धीर कसा द्यायचा? शिकवायला आलेल्या माणसानं तिलाच पुढं बोलावलं. अर्धा तास तीच बोलली.

उन्हाळ्यात मुंजाजींच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कस्तुराबाई सांगावा यायची वाट बघत बसली नाही. पहिल्या दिवशी ती आत आली तसे मुंजाजी बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिनं बाईचे केस विंचरले, गोळ्या दिल्या, प्रार्थना करून निघाली. चौथ्या दिवशी मुंजाजी खाटेपासून हलले नाहीत. तिनं प्रार्थना सुरू केली तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

ते उपासनेला अजून येत नाहीत. कस्तुराबाई दर शनिवारी त्यांच्या दारावरून जाताना हाक मारते, "उद्या नऊला, मुंजाजीभाऊ," आणि उत्तरासाठी न थांबता शेड झाडायला निघते.